उपवास मोडणाऱ्या घाटोडे बाई

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते सुमन घाटोडे बाईंचे. आईवडिलांचे आहेतच, पण त्यांनी जे केलं ते आपलं लेकरू म्हणून केलं. बाईंचा मी कुणी लागत नव्हतो, आणि माझ्याबद्दल त्यांचं मतही फारसं चांगलं नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बारावी झाल्यावर मी वडिलांच्या संत्र्याच्या बागेत जाणार हे ठरल्यासारखंच होतं. बाईंनी मला सौंसरच्या बाजारात गाठलं, ऑनलाइनच्या दुकानात नेलं आणि समोर बसून बीएस्सीचा फॉर्म भरायला लावला. वर म्हणाल्या, "तुह्यात अक्कल जास्त नाही. पण बसून राहायची सवय आहे. डिग्रीले तेवढी पुरते."

मी आज सरकारी शाळेत शिक्षक आहे. बाईंचे आभार मानायला मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या चपलेवर पाय दिला आहे.

सौंसरच्या शाळेत त्या जीवशास्त्र शिकवत. बाई जाड होत्या. मी इथे 'धष्टपुष्ट' किंवा 'भारदस्त' लिहिलं असतं तर त्यांनी वहीवर लाल रेघ मारली असती. जाड म्हणजे जाड, काळी म्हणजे काळी. हे शब्द शिव्या नाहीत, वर्णनं आहेत, असं त्या म्हणत. मुलं त्यांना मागून 'ट्रक' म्हणायची. एकदा त्यांनी ते ऐकलं. मागे वळून म्हणाल्या, "ट्रक म्हणता ना? मग बाजूले व्हा." मुलं बाजूला झाली आणि बाई निघून गेल्या.

तिथल्या स्टाफरूममध्ये इतर मॅडम भिंतीकडे तोंड करून अर्धी पोळी खायच्या, आणि ती अर्धी पोळी किती जड झाली यावर पाऊण तास बोलायच्या. घाटोडे बाई व्हरांड्यात खुर्ची टाकून, साऱ्या मैदानाला दिसेल अशा बसून जेवत. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, शेवटी गुळाचा खडा. सावकाश जेवत. त्या जेवताना कुणी त्यांच्याकडे बघत राहिलं तर विचारत, "कधी कोणाले जेवताना पाहिलं नाही का?" मुलींना हे बहुतेक खरंच लागू होतं. आमच्याकडे बाईमाणूस जेवताना कुणाला दिसत नाही. पुरुषांची पानं उठली, भांडी आवरली, की चुलीपाशी कुठेतरी ते उरकलं जातं.

दर सोमवारी प्रार्थनेनंतर त्या मुलींच्या रांगेतून फिरत आणि एकेकीची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहत. आत लाल दिसलं की पुढे. फिकट दिसलं की नाव विचारत आणि दुपारी प्रयोगशाळेत बोलावत. तिथे बेडकांच्या बरण्यांखालच्या कपाटात लोहाच्या गोळ्या, फुटाणे, गूळ आणि पॅड ठेवलेले असत. कपाटाला कुलूप नसे. कोणती मुलगी कधी येऊन काय घेऊन गेली हे बाई विचारत नसत, पण त्यांच्या लक्षात असे. पालकांनी 'जरासक अशक्तपणा आहे' म्हटलं की त्यांचं डोकं फिरे. अशक्तपणा हा रोग नसून घरच्यांनी स्वतःला दिलेलं माफीपत्र आहे, असं त्या तोंडावर सांगत. त्यामुळे पालकसभेला येणाऱ्या पालकांची संख्या दर वर्षी कमी होत गेली.

मी बारावीला असतानाची गोष्ट. आमच्या प्राचार्यांना पाहुणे बोलवायचा शौक होता. पाहुणा कोण, कशासाठी, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. शाल, नारळ आणि फोटो झाला की शिक्षण झालं. त्या वर्षी 'किशोरी आरोग्य' नावाखाली पांढुर्ण्याहून एक मॅडम आल्या. त्या वजन कमी करायची पावडर विकत. सोबत डबे होते, आधीचे-नंतरचे फोटो होते आणि वजनाचा काटा होता. त्यांनी पावडरचं कौतुक केलं, मग अकरावी-बारावीच्या मुलींना एकेक करून स्टेजवर बोलावलं. मुलगी काट्यावर उभी राहिली की मॅडम माईकवर आकडा सांगत. समोर आम्ही दीडशे पोट्टे बसलेले. आकडा मोठा आला की आम्ही शिट्ट्या मारत होतो. मीही मारली. प्राचार्य हसत होते. मुलं कार्यक्रमात रस घेऊन राहिली याचा त्यांना आनंद होता.

पाचवी की सहावी मुलगी काट्यावरून रडत उतरली, तेव्हा घाटोडे बाई मागच्या खुर्चीवरून उठल्या. स्टेजवर गेल्या, चपला काढल्या, काट्यावर उभ्या राहिल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "माईकवर सांगा."

मॅडम कसनुसं हसल्या. बाईंनी स्वतःच माईक घेतला आणि सांगितलं, "एक्क्याऐंशी." कुणी शिट्टी मारली नाही. मग त्या काट्यावरून उतरल्या आणि माईक मॅडमपुढे धरला. "आता तुम्ही चढा."

मॅडम म्हणाल्या की त्या मार्गदर्शक आहेत, त्यांचा प्रश्नच येत नाही. बाई वाट पाहत उभ्या राहिल्या.  शेवटी बाई म्हणाल्या, "सोळा वर्षांच्या पोरींनी चढावं आणि तुम्हाले लाज वाटावी. बरं आहे." आणि काटा बगलेत घेऊन त्या चालत्या झाल्या. प्राचार्यांनी पुढे आठ दिवस तो परत मागितला. त्यांनी दिला नाही.

हे सगळं पाहूनही मी काही शिकलो नाही, हे मला कबूल करायला हवं.

माझी धाकटी बहीण प्रणाली. आम्ही रामाकोन्याजवळच्या खेड्यातले. ती रोज ऑटोने सौंसरला शाळेत यायची. अकरावीत होती तेव्हा आमच्या चुलत बहिणीचं लग्न झालं. प्रणालीने पहिल्यांदा लहंगा घातला होता. ती भरल्या अंगाची, गोल चेहऱ्याची मुलगी होती आणि त्या दिवशी खूश होती. मी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतो. मी म्हणालो, "मागं सरक. मावून नाही राहिली तू." सगळा मांडव हसला. मी तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. पुढे महिनाभर कुणी ना कुणी त्यावर हसणारी तोंडं चिकटवत राहिलं.

त्यानंतर प्रणालीने सोमवार धरला.

मग गुरुवार. मग शनिवार. चतुर्थी, एकादशी आणि आईसोबत शुक्रवार. आमच्या घरात एखादी मुलगी जेवली नाही तर दोन प्रश्न विचारतात. उपवासामुळे जेवली नाही तर एकही विचारत नाहीत. वडिलांना अभिमान वाटायचा. पोरीच्या उपवासामुळे यंदा संत्र्याचा बहार चांगला धरला असं ते देवळात चारचौघांत सांगत. आई तिच्यासाठी साबुदाण्याची उसळ करून ठेवायची. संध्याकाळी ताटली धुऊन पालथी घातलेली असायची, आणि आई म्हणायची, पोर गुणाची आहे, स्वतःचं भांडंही ठेवत नाही. ओढणी अंगावर दोन वेढे फिरायला लागली. नातेवाईक म्हणाले, चांगली बारीक झाली, आता स्थळं येतील. सोळा वर्षांच्या पोरीची हाडं वर आलेली पाहून ज्यांना स्थळं सुचतात, अशा माणसांत मी वाढलो. आणि त्यांत मी सगळ्यांत शिकलेला होतो, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला.

बाईंनी मात्र पाहिलं. पण जे पाहिलं ते त्यांनी वाईट रीतीने बोलून दाखवलं. एका सोमवारी रांगेत प्रणालीची पापणी ओढून पाहिल्यावर त्यांनी तासाला साऱ्या वर्गासमोर सांगितलं की ही पोट्टी देवासाठी नाही, आरशासाठी उपवास धरून राहिली आहे. वर्ग हसला. हे मला तिच्या मैत्रिणीने नंतर सांगितलं. प्रणालीने दुसऱ्या दिवसापासून शाळा सोडली. घरी तिने ताप सांगितला आणि घराने तो मानला.

आठवड्याने, शनिवारी, मी मित्रांसोबत सौंसरच्या बसस्टँडवर चहा पीत होतो. बाई रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे आल्या. त्यांनी बहिणीचं विचारलं. मी ताप सांगितला.

"ताप नाही," त्या म्हणाल्या. "तिची पाळी चार महिन्यांपासून बंद आहे. तुले माहीत आहे का?"

मित्रांनी चहाच्या कपांत तोंडं घातली. टपरीवाला थांबला. मी म्हणालो, "बाई, हळू."

"कायले हळू? पोरगी मरून राहिली घरात, आणि याले लाज येऊन राहिली."

चार महिने ती पॅड न्यायला कपाटाकडे फिरकली नव्हती; बाईंनी तिच्या मैत्रिणीला विचारून खात्री केली होती. त्यांचं निदान बरोबर होतं. पण बसस्टँडवर उभं राहून, कुमारिकेची पाळी बंद आहे हे मोठ्याने सांगितलं तर ऐकणाऱ्यांच्या मनात काय येतं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. ते वाक्य आमच्या खेड्यात पोचेपर्यंत त्याला पोट आलं होतं. दोन वर्षं माझ्या बहिणीकडे बायका पोटाच्या उंचीवर बघत. बाईंना नंतर मी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, लोकांच्या डोक्यात घाण आहे त्याले मी काय करू. खरंच होतं. प्रणालीला त्याचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवारी बाई आमच्या घरी आल्या. मोहगावची आत्या आलेली होती. वडिलांनी खुर्ची दिली आणि मोठ्या कौतुकाने सांगितलं की आज पोरीची एकादशी आहे.

"आणि काल?" बाईंनी विचारलं.

काल शनिवार. परवा? परवा शुक्रवार, माझ्यासोबत धरते, आई म्हणाली. त्याच्या आदल्या दिवशी गुरुवार. आणि सोमवार तर आहेच. आईचा आवाज बोलता बोलता बारीक होत गेला. एका जागी हे सगळे वार तिने कधी मोजलेच नव्हते.

"सातातले पाच दिवस देवांनी वाटून घेतले," बाई म्हणाल्या. "तुम्ही मायबाप. तुमच्या वाट्याले कोणता वार आहे?"

आई म्हणाली, "देवाचं करून राहिली पोरगी. आम्ही कसं अडवावं, बाई?"  पोरगी फराळ करते ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का, एवढंच बाईंनी विचारलं. आई ताटलीचं सांगू लागली, धुतलेल्या ताटलीचं, आणि मधेच थांबली. उठून मागे गोठ्यात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात गाईच्या गव्हाणीतून उचललेली, वाळलेली साबुदाण्याची उसळ होती. ती दारातच खाली बसली.

मग बाईंनी विचारलं, "हिले जाड कोण म्हणालं?"

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याची जीभ तिखट होती, ती कुणालाही काहीही म्हणायची, तेव्हा हेही तीच म्हणाली असणार असं आमच्या घराने एका क्षणात ठरवलं. वडील तिच्यावर ओरडले. आत्या शपथा घेऊ लागली. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये तो व्हिडिओ होता. मी काही बोललो नाही. आत्या त्याच संध्याकाळी मोहगावला गेली आणि पुढच्या दोन दिवाळ्यांना आली नाही.

प्रणाली आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाई दाराशी उभ्या राहिल्या. "वर्गात बोलली ते माह्यं चुकलं," त्या म्हणाल्या. "खोटं नाही बोलली मी. पण चुकलं." प्रणाली वळली नाही. बाईंनी मला तिला उचलायला सांगितलं. मी तिला उचललं आणि माझ्या हातांना काही लागलंच नाही. मागं सरक म्हणालो होतो त्या मुलीला मी एका हातावर घेऊन ऑटोत बसलो.

दवाखान्यात रक्त चढवावं लागलं. डॉक्टरांनी वडिलांना विचारलं की इतके दिवस घरचे काय पाहत होते. वडिलांनी डॉक्टरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "उपवास."

ती लगेच बरी झाली नाही. रक्त चढलं म्हणून कुणी जेवायला लागत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. बाईंनी एक नियम घातला: शाळेच्या तासभर आधी प्रणालीने प्रयोगशाळेत यायचं आणि बाईंसमोर बसून खायचं. किती, ते बाई सांगत नसत. त्या वह्या तपासत, ही खात असे. कुणी कुणाशी बोलत नसे. कधी अर्धी भाकर व्हायला पाऊण तास लागे, कधी ती न खाता रडत बसे, कधी खाऊन बाहेर जाऊन उलटी करून येई. बाई वहीतून मान वर करत आणि दुसरी भाकर पुढे ठेवत. वर्ष-दीड वर्ष हे चाललं. प्रणाली घरी येऊन म्हणायची, त्या बाईचं तोंड पाहूनच मला मळमळतं. पण ती जात राहिली. एक दिवस चुकला तर बाई ऑटो करून आमच्या दाराशी येतील आणि सारी गल्ली गोळा होईल, ही धास्ती तिला होती. आठव्या महिन्यात तिची पाळी परत आली. हे मला आईने सांगितलं, हळू आवाजात, पण सांगितलं.

त्या काळात बाईंच्या बोलण्यातला तिरस्कार जराही कमी झाला नाही. वडील भेटले की देवळात पोरीचं काय सांगता म्हणून टोचत. प्राचार्यांना तर त्या नावानेही हाक मारत नसत. गोरं करणाऱ्या मलमांवर, चेहरा बदलणाऱ्या मोबाईलवर, बारीक सून शोधणाऱ्या जाड सासवांवर त्या तासभर बोलू शकत. त्यांनी फक्त एका माणसाला कधी काही म्हटलं नाही, आणि तो मी. मला वाटायचं, त्यांना माहीत नाही. आता वाटतं, त्या वाट पाहत होत्या.

बाई निवृत्त झाल्या आणि पांढुर्ण्याला भावाकडे राहायला गेल्या. यंदा तिथल्याच एका लग्नात त्या दिसल्या. मी आधी ओळखलं नाही. पोटाच्या दुखण्याने त्या अर्ध्या झाल्या होत्या. गळ्याची कातडी लोंबत होती, ब्लाउजच्या बाह्या सैल लटकत होत्या. आणि त्यांच्याभोवती चार बायका उभ्या राहून कौतुक करत होत्या. एक म्हणाली, "बाई, किती छान बारीक झाल्या. काय करून राहिल्या सध्या?"

"मरून राहिली," बाई म्हणाल्या.

बायका हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

प्रणालीही त्या लग्नात होती. ती आता नागपूरला नर्सिंग करते. बाई दिसताच ती तोंड फिरवून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथे पंगतीत बसली. मी पाहिलं, बाई खांबाला धरून उभ्या होत्या आणि तिकडेच बघत होत्या. प्रणालीच्या तोंडाकडे नाही, पानाकडे. वाढप्याने दुसऱ्यांदा पुरी वाढली, तिने हात आडवा केला नाही. बाई तिथेच उभ्या राहिल्या, पान संपेपर्यंत. मग कुणाचाही निरोप न घेता भावाच्या मुलाच्या गाडीवर बसून गेल्या. स्वतः काही खाल्लं नाही. मी त्यांना हाक मारणार होतो. मारली नाही. पंधरा दिवसांनी हे पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकलं.

आदरणीय बाईंना सादर प्रणाम.

त्या रविवारी आमच्या घरी तुम्ही एक प्रश्न विचारला होता, हिले जाड कोण म्हणालं. त्याचं उत्तर चुकीचं मिळालं होतं. ते मी म्हणालो होतो, लग्नात, सगळ्यांसमोर, मोबाईलवर व्हिडिओ काढताना. आत्याने काही म्हटलं नव्हतं. मागच्या रविवारी मोहगावला जाऊन मी तिला हे सांगितलं. तिने मला दारात उभं ठेवूनच ऐकलं आणि दार लावून घेतलं. वडिलांनाही सांगितलं. प्रणालीला सांगायला गेलो तर ती म्हणाली, मला तेव्हाच माहीत होतं, मीच तर समोर उभी होते.

तुम्ही मला डिग्री दिली. मी ती त्या दिवशी खिशात घालून भिंतीला टेकून उभा होतो. तुम्ही ज्या लोकांना बोलायच्या त्यांत माझं नाव पहिलं असायला पाहिजे होतं.

दुसरी गोष्ट. प्रणालीने तुम्हाला माफ केलेलं नाही. वर्गातलंही नाही आणि बसस्टँडवरचं तर नाहीच. लग्नात ती तुम्हाला टाळून गेली ते मी पाहिलं आणि तुम्हीही पाहिलं. मी तिला समजावू पाहिलं, तुमचे उपकार सांगितले. तिने माझ्यावर इतका आवाज चढवला की शेजारचे बाहेर आले. अर्धा तास ती उभी राहून भांडली. पूर्वी ती जिना चढताना दोनदा बसायची.

तेवढं कळवायला लिहिलं.

आपला विद्यार्थी,
मंगेश